काचेवर उमटलेले धूमकेतू

ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहू लागले की राजाश्रयाने उभ्या राहिलेल्या वेधशाळा, त्यांतील अजस्र दुर्बिणी आणि सरकारी सनदेने तेथे नेमले गेलेले विद्वान यांचीच नावे प्रथम लेखणीवर येतात. आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या शास्त्राची एक शाखा अशी आहे, की तिच्या उगमाचा माग काढीत मागे जावे तो आपण वेधशाळेच्या प्रांगणात न पोहोचता, गावोगावी तसबिरी काढणाऱ्या कारागिराच्या दुकानाशी येऊन ठेपतो. धूमकेतूंचे छायाचित्रण ही ती शाखा होय. माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घासलेले भिंग, रसायनांनी बोटे काळी पडलेला छायाचित्रकार आणि दिव्यांच्या उजेडाने न बाटलेला काळोख, एवढ्या सामग्रीवर तिची उभारणी झाली, आणि पुढे तिच्यातूनच साऱ्या आकाशाचा नकाशा निघाला. हा इतिहास मराठी वाचकाने अगत्याने जाणून घ्यावा असे मला वाटते, कारण त्याचा एक धागा हैदराबादेतून, म्हणजे ज्या राज्यात आपला मराठवाडा १९५६ पर्यंत होता त्याच्या राजधानीतून, गेलेला आहे.

धूमकेतू हा मुळातच नोंदीला अवघड विषय. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचारासाठी स्वतंत्र अध्याय राखून केतूंचे आकार, वर्ण, उदयाच्या दिशा आणि त्यांची फले यांचे वर्गीकरण केले. युरोपातही शतकानुशतके अशीच वर्णने आणि चित्रे होत आली. परंतु जे दिसले ते जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती सोपविण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. शेपटीची कड कोठे संपली आणि आकाश कोठे सुरू झाले हे ज्याने त्याने आपल्या दृष्टीप्रमाणे ठरवायचे. त्यामुळे एकाच रात्री एकाच धूमकेतूकडे पाहून दोन निष्णात वेधकर्त्यांनी काढलेली चित्रे परस्परांशी जुळतीलच अशी खात्री नसे. शिवाय डोळा प्रकाश साठवीत नाही. अंधाराला सरावल्यावर मग क्षणभर पाहिले काय आणि प्रहरभर पाहिले काय, त्याला दिसायचे तेवढेच दिसते. रौप्यक्षारांचा लेप दिलेली काच मात्र आपल्यावर पडणारा प्रकाश जमेस धरीत जाते, आणि घटकेमागून घटका लोटली की डोळ्याला कधीच न दिसलेली गोष्ट तिच्यावर उमटते. या गुणाचा उपयोग धूमकेतूसाठी करता येईल काय, हा प्रश्न छायाचित्रणकलेच्या जन्मानंतर वीस वर्षांच्या आतच पुढे आला.

त्याला निमित्त झाला तो १८५८ सालचा डोनाटीचा धूमकेतू. २ जून रोजी फ्लॉरेन्स येथे जोव्हान्नी डोनाटी यांनी शोधलेला हा धूमकेतू सप्टेंबरअखेर वक्र पिसाऱ्यासारखी शेपटी घेऊन संध्याकाळच्या आकाशात झळकू लागला. २७ सप्टेंबर रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात, वॉल्टन गावाच्या माळावरून, विल्यम अशरवुड या छायाचित्रकाराने आपला तसबिरी काढण्याचा कॅमेरा त्याच्यावर रोखला, अवघे सात सेकंद काच उघडी ठेवली, आणि धूमकेतूचे पहिले छायाचित्र घेतले. दुसऱ्याच रात्री अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीवर, जी त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणींत गणली जाई, जॉर्ज बाँड यांनी सहा मिनिटे काच उघडी ठेवली. तिच्यावर धूमकेतूचा गाभा आणि त्याभोवतीची किंचित प्रभा एवढेच काय ते उमटले. अशरवुडची ती काच आज उपलब्ध नाही. परंतु तिच्यात शेपटीही आली होती, ही गोष्ट नोंदीत राहिली आहे.

सहा मिनिटांत महादुर्बिणीला जे साधले नाही ते सात सेकंदांत एका फिरत्या पेटीला कसे साधले, याचे उत्तर भिंगाच्या घडणीत आहे. तारा हा बिंदू असल्यामुळे भिंग जितके रुंद तितका तो ठळक उमटतो. परंतु धूमकेतूची शेपटी ही पसरलेली, विरळ वस्तू असल्याने तिचा ठसा भिंगाच्या नुसत्या रुंदीवर अवलंबून नसून, रुंदीच्या मानाने प्रतिमा किती अंतरावर पडते यावर अवलंबून असतो. हार्वर्डच्या दुर्बिणीत हे अंतर व्यासाच्या अठरापट होते, तर अशरवुडच्या भिंगात ते जेमतेम अडीचपट. आणि प्रकाशाची तीव्रता या प्रमाणाच्या वर्गाने घटत असल्यामुळे त्या लहानशा पेटीतील प्रतिमा पन्नासपटींहून अधिक उजळ होती. समोर बसलेल्या माणसाला फार वेळ निश्चल राहता येत नाही, एवढ्याच व्यावहारिक गरजेपोटी चेहऱ्याच्या तसबिरीसाठी अशी उजळ भिंगे घडविली गेली होती. धूमकेतूला नेमकी तीच लागत होती. फक्त वेधशाळांना हे उमगायला वेळ लागला.

दुसरी अडचण काचेची होती. त्या काळी काचेवर कलोडियन ओतून ती सिल्व्हर नायट्रेटच्या पात्रात बुडवीत, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच अंधारखोलीत धूत. लेप सुकला की काच निकामी. म्हणजे प्रकाश साठविण्याचा काचेचा जो गुण, त्यालाच दहा-पंधरा मिनिटांची मुदत घातलेली. १८६१ सालच्या महाधूमकेतूवर वॉरन द ला रू यांच्यासारख्या सिद्धहस्त माणसाने प्रयत्न केले ते त्यामुळे वायाच गेले. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनमध्ये रौप्यक्षार मिसळून कोरड्या काचेचा मार्ग दाखविला, आणि त्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स बेनेट यांनी ते मिश्रण ऊब देऊन मुरविण्याची रीत सांगितल्यावर तिची प्रकाशग्राहकता अनेकपटींनी वाढली. आता काच आगाऊ तयार करून ठेवता येऊ लागली, आणि प्रहरभर उघडी ठेवली तरी ती बिघडेना. याचे फळ १८८१ मध्ये दिसले. ऑस्ट्रेलियातील जॉन टेबट या हौशी वेधकर्त्याने शोधलेल्या धूमकेतूचे छायाचित्र फ्रान्समध्ये म्यूडाँ येथे ज्यूल जाँसेन यांनी आणि अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी घेतले; जाँसेन यांनी त्यासाठी मुद्दाम ५० सेंटिमीटर व्यासाची परंतु अत्यंत आखूड दुर्बीण योजिली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु या कथेचे खरे पर्व १८८२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होप येथील सरकारी वेधशाळेत घडले. तेथील साहाय्यक विल्यम फिन्ले यांना ८ सप्टेंबरच्या पहाटे एक धूमकेतू दिसला. १७ तारखेस तो सूर्याच्या इतका निकट गेला की भर दिवसा, अगदी सूर्यबिंबाच्या कडेला भिडून दिसेनासा होईपर्यंत, फिन्ले आणि त्यांचे सहकारी एल्किन यांनी दुर्बिणीतून त्याचा पाठपुरावा केला. सूर्याला वळसा घालून तो पहाटेच्या आकाशात परतला तेव्हा त्याचे तेज पाहून केपच्या मुलखातील काही छायाचित्रकारांनी आपापल्या साध्या कॅमेऱ्यांनी त्याच्या तसबिरी घेतल्या आणि त्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्या नजरेस आणल्या.

गिल हे मूळचे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या घड्याळजीचे चिरंजीव. वडिलांचा धंदा काही वर्षे त्यांनी स्वतः चालविला होता, आणि सूक्ष्म यंत्राची गती कशी राखावी याचे ज्ञान त्यांच्या हाडीमासी खिळले होते. त्या तसबिरी पाहताच त्यांतील गुण आणि वैगुण्य दोन्ही त्यांच्या ध्यानात आले. भिंग योग्य होते, काच योग्य होती; परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोरून आकाश सरकत जाते, आणि काच अधिक काळ उघडी ठेवावी तो प्रतिमा फिसकटते. आकाशाच्या गतीबरोबर फिरणारी दुर्बीण वेधशाळेत होतीच; मग कॅमेराच तिच्यावर बसविला तर? वेधशाळेपाशी छायाचित्रणाचा सरंजाम नव्हता आणि कोरडी काच धुण्याचा सराव कोणालाच नव्हता. गिल यांनी यात कमीपणा न मानता जवळच्या मोब्रे गावचे छायाचित्रकार ॲलिस यांना मदतीस बोलाविले. रॉस कंपनीचे अडीच इंच व्यासाचे आणि अकरा इंच नाभ्यंतराचे भिंग लावलेला त्यांचा कॅमेरा दुर्बिणीच्या दांडीला बांधण्यात आला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री हा उद्योग सुरू झाला.

त्या उद्योगाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. काचेच्या पेटीचे सरकते झाकण एकदा ओढले की छायाचित्रकाराचे काम तेथे थांबे, आणि वेधकर्त्याचे सुरू होई. दुर्बीण घड्याळी यंत्राने ताऱ्यांबरोबर फिरे. परंतु धूमकेतूची स्वतःची चाल ताऱ्यांहून निराळी असते, त्यामुळे नुसत्या यंत्रावर भिस्त ठेवून चालत नसे. गिल नेत्रकाचाला डोळा लावून बसत, धूमकेतूचा गाभा ठरल्या खुणेवरून यत्किंचित ढळला की हाताने दुर्बीण सावरून तो पुन्हा जागेवर आणीत. आणि हे अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक काळपर्यंत, खंड न पडू देता, चाले. यात चूक झाली तर ती काच धुतल्याशिवाय कळायची नाही, आणि ढगांमुळे वा चंद्रप्रकाशामुळे हुकलेली पहाट परत मिळायची नाही. काचा धुऊन निघाल्या तेव्हा त्यांवर शेपटीचा सारा विस्तार स्पष्ट आलेला होता, आणि त्या शेपटीतून आरपार चमकणारे तारेही उमटलेले होते. धूमकेतूच्या पुच्छाची विरळता यापूर्वी शब्दांनी सांगावी लागे; आता ती कोणासही काचेवर दाखविता येऊ लागली.

गिल यांची महत्ता मात्र पुढे आहे. त्यांनी धूमकेतूभोवतीच्या ताऱ्यांकडे लक्ष पुरविले. एका अडीच इंची भिंगाने दोन तासांत टिपलेले तारे इतके दाट आणि इतके रेखीव होते, की जे काम करण्यास वेधकर्त्याला एकेक तारा मोजीत वर्षेच्या वर्षे घालवावी लागत, ते काच एका रात्रीत करू शकते, हे त्यांनी ताडले. दक्षिण आकाशाची तारासूची छायाचित्रांवरून करण्याचे त्यांनी मनावर घेतले. १८८५ च्या डिसेंबरात हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे प्राध्यापक याकोबुस काप्टाइन यांनी पत्र लिहून, काचा मोजण्याचे कष्ट मी उचलतो, असे आपण होऊन कळविले. काप्टाइन यांच्यापाशी स्वतःची वेधशाळा नव्हती. गिल यांच्या कामाचे अनुदान मध्येच बंद झाले आणि त्यांनी पदरचा पैसा घालून ते पुढे रेटले. इतक्या अडचणींतून १९०० साली ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची पुरी झाली.

त्याच काचांचा दुसरा परिणाम पॅरिसमध्ये झाला. तेथील वेधशाळेतील पॉल आणि प्रॉस्पेर हे आंरी बंधू आकाशगंगेतील ताऱ्यांच्या दाटीपुढे हात टेकण्याच्या बेतात असताना त्यांनी खास छायाचित्रणाची दुर्बीण बनविली, आणि १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाचा नकाशा जगातील अठरा वेधशाळांनी वाटून घेऊन करावा असा ठराव झाला. वाटणीतील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा मूळचा चिलीतील सांतियागोकडे होता. तो तेथे तडीस गेला नाही, आणि अखेर हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने तो अंगावर घेतला. नवाब जफर जंग या शास्त्रप्रेमी सरदाराने पदरच्या खर्चाने उभारलेली ही वेधशाळा त्यांच्या पश्चात १९०८ मध्ये निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतली होती. केपच्या रानात एका धूमकेतूपायी कॅमेरा दुर्बिणीला बांधला गेला नसता, तर हैदराबादच्या त्या वेधशाळेत वर्षानुवर्षे आकाशाच्या काचा मोजल्या गेल्या नसत्या.

दुकानापासून वेधशाळेपर्यंतचा हाच प्रवास एका माणसाच्या आयुष्यात पाहायचा असेल तर अमेरिकेच्या एडवर्ड बर्नार्ड यांचे चरित्र वाचावे. १८५७ साली नॅशव्हिल येथे जन्मलेला हा मुलगा जन्मापूर्वीच पितृछत्राला मुकला होता, आणि घरच्या दारिद्र्यामुळे नवव्या वर्षी एका छायाचित्रकाराच्या पदरी कामाला लागला. छपरावर चित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र होते. सूर्याच्या प्रकाशावर ते चाले, आणि सूर्य जसा सरके तसे ते हाताने फिरवीत दिवसभर त्याच्यावर रोखून धरणे हे या बालकाचे काम. आकाशस्थ गोलाचा अखंड मागोवा घेण्याची ही उमेदवारी पुढे जन्मभर उपयोगी पडली. त्याच दुकानात थोडीथोडकी नव्हे तर सतरा वर्षे काढून, रात्री दुर्बिणीने धूमकेतू शोधीत, आणि त्याबद्दल मिळालेल्या बक्षिसांतून घराची रक्कम फेडीत, बर्नार्ड १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेवर रुजू झाले.

लिकची ३६ इंची दुर्बीण तेव्हा भिंगांच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती; बर्नार्ड यांची कीर्ती मात्र उभी राहिली ती विलार्ड बनावटीच्या सहा इंची भिंगावर, आणि ते भिंग सान फ्रान्सिस्कोतील एका तसबिरीच्या दुकानातून जुन्या बाजारभावाने आणलेले होते. ते बसविलेला कॅमेरा डोंगरावरच्या काळोखात तासन्‌तास रोखून त्यांनी आकाशगंगेची आणि धूमकेतूंची जी छायाचित्रे घेतली, तशी पूर्वी कोणी पाहिली नव्हती. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी याच भिंगाने घेतलेल्या श्रवण नक्षत्राजवळच्या काचेवर त्यांना एक अनोळखी अस्पष्ट रेघ आढळली: डोळ्याने न दिसता केवळ छायाचित्रात सापडलेला हा पहिला धूमकेतू. पुढच्याच वर्षी ब्रुक्सच्या धूमकेतूची लागोपाठच्या रात्रींची छायाचित्रे घेताना, एका रात्री सरळ असलेली शेपटी दुसऱ्या रात्री जणू कशावर तरी आपटून विस्कटली असल्याचे त्यांनी दाखवून दिले. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची कल्पना विज्ञानाला येण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पुरावा मात्र त्या काचांवर आधीच नोंदलेला होता.

आपल्या देशात १९१० साली हॅलेच्या धूमकेतूची छायाचित्रे कोडाईकनालच्या वेधशाळेतून घेतली गेली. परंतु मला अधिक अभिमान वाटतो तो १९४९ च्या घटनेचा. निजामिया वेधशाळेत साहाय्यक असलेल्या गृहस्थांचे चिरंजीव वेणू बाप्पू हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला शिकण्यास गेले असता, २ जुलै रोजी घेतलेली काच धुऊन तपासताना त्यांना तिच्यावर एक नवा धूमकेतू दिसला. त्यांचे गुरू बार्ट बॉक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्यांचे नाव त्याला मिळाले. ज्या वेधशाळेच्या आवारात त्यांचे बालपण गेले तेथे केपच्या त्या विचाराची फळे नित्य मोजली जात होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या शोधामागचे संस्कार कोठले ते वेगळे सांगावे लागत नाही.

आज काच गेली आणि तिच्या जागी प्रकाशग्राही विद्युत्‌पट्टी आली. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू पश्चिमेस मावळतीनंतर दिसू लागला, तेव्हा साध्या कॅमेऱ्याने आणि प्रसंगी मोबाइलनेही त्याची छायाचित्रे घेतली गेली. आणि योगायोग असा, की त्याच्या शोधाचा एक वाटा दक्षिण आफ्रिकेतच सदरलंड येथे बसविलेल्या दुर्बिणीचा आहे. साधन पालटले तरी अशरवुडचा नियम पालटलेला नाही: आखूड आणि उजळ भिंग, आकाशाबरोबर फिरण्याची सोय किंवा थोड्या थोड्या वेळाच्या अनेक चित्रांची बेरीज, आणि काळोख. यांपैकी पहिल्या दोन वस्तू विकत मिळतात. काळोख मात्र विकत मिळत नाही, कारण छायाचित्र जसे शेपटीचा प्रकाश जमेस धरते तसेच गावच्या दिव्यांनी उजळलेले आभाळही धरते, आणि या दुसऱ्या रकमेखाली पहिली बुडून जाते. जॉन बॉर्टल या धूमकेतूंच्याच अभ्यासकाने २००१ साली रात्रीच्या आकाशाच्या नऊ प्रती ठरविल्या. त्यांतील पहिल्या दोन-तीन प्रतींचे आकाश आता शहराभोवती कोसच्या कोस गेले तरी मिळत नाही.

महाराष्ट्राच्या आकाशाची थोरवी परकीयांनी पूर्वीच जाणली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेण्यासाठी बर्नार्ड यांच्याच लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सातासमुद्रांपलीकडून येऊन सोलापूरकडील जेऊर या गावी उतरले, आणि पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनीही आपली छावणी तेथेच ठोकली. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर देशावरचे आणि विदर्भातले कोरडे आभाळ काही ठिकाणी आजही निर्मळ आहे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मिळालेली आंतरराष्ट्रीय मान्यता ही त्याची साक्ष होय. जे पेंचच्या अरण्याला साधले ते एखाद्या तालुक्याच्या गावाला साधणार नाही असे नाही. ग्रामपंचायतींनी रस्त्यावरचे दिवे बसविताना त्यांना वरून झाकण घालावे, उजेड जमिनीवरच पडेल असे पाहावे, आणि मध्यरात्रीनंतर ज्यांची गरज नाही ते मालवावेत, एवढीच माझी विनंती आहे. तेजस्वी धूमकेतू केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. परंतु तो आल्यावर आपल्या गावातील एखाद्या मुलाला आपल्याच अंगणातून त्याचे छायाचित्र घेता यावे की नाही, याचा निर्णय आजच्या दिव्यांच्या ठेक्यावर सही करणाऱ्या माणसाच्या हाती आहे.